पात्र-अपात्रच्या पलीकडे : आत्महत्या रोखण्याचे सरकारी प्रयत्न आणि आपला सोलापूर जिल्हा

सीनाकाठ

सुरुवातीलाच एक सांगतो. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील, तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत. चर्चेचा हा धागा नंतर वाचला तरी चालेल.

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला पूर आला, तेव्हा माढा आणि मोहोळ तालुक्यांतल्या गावांत मदत पोचवणाऱ्यांमध्ये मी होतो. धान्य, चादरी, जनावरांचा चारा यांच्या याद्या करत असताना एका गावातल्या आशाताईंनी, म्हणजे घरोघर फिरणाऱ्या आरोग्य कार्यकर्तीने, मला बाजूला बोलावले. आमच्या आळीतल्या तीन घरांचे कर्ते पुरुष दिवसभर वाहून गेलेल्या बांधावर जाऊन बसतात, घरी आले तरी कोणाशी बोलत नाहीत, जेवत नाहीत. त्यांची नावे मी कोणत्या यादीत लिहू, असे त्यांनी मला विचारले. माझ्या हातात चाऱ्याची यादी होती आणि त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून या विषयावर जे मिळेल ते वाचत आलो आहे.

महाराष्ट्र सरकारने या प्रश्नाचा अभ्यास केलाच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या कारणांचा अहवाल दिला. पाठोपाठ जानेवारी २००६ मध्ये इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतील प्रा. श्रीजित मिश्रा यांचा अहवाल राज्य सरकारकडे आला. त्यांनी वर्धा, वाशीम आणि यवतमाळ या जिल्ह्यांतल्या आत्महत्या झालेल्या १११ घरांची माहिती घेतली आणि तुलनेसाठी तशाच परिस्थितीतली, पण आत्महत्या न झालेली घरेही तपासली. ही दुसरी पायरी मला फार मोलाची वाटते, कारण कर्ज तर दोन्हीकडे असते. मग एका घरात हा प्रसंग का ओढवतो आणि शेजारच्या घरात का नाही, हे तुलनेशिवाय कळत नाही. सुमारे ८६ टक्के घरांत कर्जबाजारीपणा आढळला, पण तो एकटा आढळला नाही. घसरलेली आर्थिक स्थिती, घरातले भांडण, बुडालेले पीक, मुलीच्या किंवा बहिणीच्या लग्नाचे ओझे, आजार, व्यसन यांपैकी अनेक गोष्टी एकाच घरात साठलेल्या होत्या.

हे समजूनही सरकारी यंत्रणा चालू लागली ती दुसऱ्याच दिशेने. २३ जानेवारी २००६ च्या शासन निर्णयाने मृत शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपयांची मदत ठरली. त्यातले ३० हजार हातात आणि ७० हजार ठेवीत. ही मदत हवीच होती, त्याबद्दल वाद नाही. मात्र तिच्यासाठी जी चौकशी होते, ती जमीन कुटुंबाच्या नावावर आहे काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे काय, ते थकले होते काय, एवढेच विचारते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीसमोर प्रकरण पात्र किंवा अपात्र ठरते. गावात जाऊन, घरात बसून होणारी सरकारची ही एकमेव चौकशी आहे आणि तिच्यातून पुढच्या घराला वाचवण्यासाठी काहीही शिकून घेतले जात नाही. माझे सारे म्हणणे एवढ्या एकाच मुद्द्यावर आहे.

दुसरी गोष्ट आपल्या जिल्ह्याची. २०१५ मध्ये यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत बळीराजा चेतना अभियान सुरू झाले. त्याच सुमारास आरोग्य विभागाने प्रेरणा प्रकल्प आणला, ज्यात आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन ठरावीक प्रश्न विचारतात आणि तणावाखाली असलेल्या माणसाला समुपदेशकापर्यंत पोचवतात. तो मराठवाड्याचे आठ आणि विदर्भाचे सहा अशा चौदा जिल्ह्यांसाठी होता. पुणे विभागातला सोलापूर त्यात नाही. करमाळ्याला लागून असलेला परंडा तालुका धाराशिवमध्ये असल्यामुळे यादीत येतो आणि करमाळा येत नाही. पाऊस, माती आणि सोयरीक मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये महाराष्ट्रात २२,७४६ आत्महत्या नोंदल्या गेल्या, देशात सर्वांत जास्त. त्यांत शेतकरी आणि शेतमजूर मिळून ४,२४८ होते, म्हणजे शंभरातले एकोणीस. उरलेल्या एक्याऐंशी जणांच्या घरी तलाठीही जात नाही. जाणकारांनी लिहावे, विशेषतः ज्यांनी ही कामे स्वतः केली आहेत त्यांनी.

निवृत्त_महसूल

सीनाकाठ, आपण लिहिलेल्या चौकशा मी नोकरीच्या काळात केल्या आहेत, म्हणून लिहितो. सातबारा, आठ-अ, बँकेचा किंवा सोसायटीचा थकबाकीचा दाखला, पोलिसांचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल आणि पोलीस पाटलाचे म्हणणे असे कागद गोळा करून तहसीलदारांकडे द्यायचे, हे आमचे काम होते. वरून वेळेची मुदत असे आणि ती पाळावी लागे, कारण उशीर झाला तर घराचीच मदत लांबत असे.

एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. मी ओसरीवर बसलो होतो आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलीने तांब्या-पेला आणून ठेवला. मी सोसायटीच्या थकबाकीबद्दल विचारत होतो. ती मुलगी तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, “आप्पा पंधरा दिवस झोपतच नव्हते, रात्री उठून गोठ्यात दिवा लावून बसायचे.” मी मान हलवली आणि कर्जाचा आकडा लिहून घेतला. झोपेबद्दल लिहायला माझ्या नमुन्यात जागा नव्हती. आज वाटते की मी तो कागद उलटा करून मागे लिहायला हवे होते, परंतु लिहिले असते तरी ते कोणी वाचले नसते, हेही तितकेच खरे आहे.

आणखी एक बाब नोंदवतो. प्रकरण अपात्र ठरले की त्या घराकडे सरकारचा कोणताही माणूस पुन्हा फिरकत नाही. वाट्याने शेती करणारा, बापाच्या नावावरची जमीन कसणारा पण विभक्त राहणारा मुलगा, हातउसने पैसे घेतलेला माणूस, हे बहुतेक या चाळणीतून खाली पडतात. बाईच्या नावावर सातबारा नसेल तर तिच्या बाबतीत कागदांची सुरुवातच होत नाही. अपात्र हा शब्द त्या घराला फार लागतो. एका म्हातारीने मला विचारले होते, “माझा लेक मरायलाबी लायक न्हवता का?” मदत नाकारताना निदान दुसरा शब्द वापरावा, असे मी वरिष्ठांना तोंडी सुचवले होते.

बार्शीचा_शेतकरी

सर्वांविषयी आदर ठेवून थोडे विरोधी लिहितो. समुपदेशनाने कांद्याला भाव मिळत नाही. सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याची गाडी घेऊन गेलेला माणूस हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा करून उरलेली पट्टी पाहतो, तेव्हा त्याला जे होते तो आजार नव्हे, तो हिशेब आहे. त्याला औषधाच्या गोळ्या आणि गोड शब्द देऊन सरकार आपली जबाबदारी टाळते, अशी माझी प्रामाणिक भीती आहे. २०१७ आणि २०१९ मध्ये कर्जमाफी झाली, पण भाव, पीकविमा आणि वेळेवर मिळणारे पीककर्ज हे तिढे जागच्या जागी राहिले, म्हणून दोन हंगामांत तोच माणूस पुन्हा थकबाकीत गेला. सरकारला खरेच आत्महत्या रोखायच्या असतील, तर अभ्यास मनाचा करण्याआधी बाजाराचा करावा.

सीनाकाठ

बार्शीचा_शेतकरी, आपली भीती रास्त आहे आणि मी ती खोडून काढणार नाही. शेतीच्या अर्थकारणाला हात न लावता नुसते समुपदेशन म्हणजे फुटक्या माठात पाणी भरणे आहे. तरीही भावाची लढाई दहा वर्षांची असते आणि बांधावर बसलेल्या त्या तीन माणसांकडे दहा वर्षे नसतात.

अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. तो सरकारी नव्हता, डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध केले. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केले गेले, त्यांनी घरोघर बोलणे सुरू केले, गरजेप्रमाणे समुपदेशक आणि महिन्यातून काही वेळा मनोविकारतज्ज्ञ. नैराश्याने त्रस्त असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचलेल्यांचे प्रमाण आधी ४.३ टक्के होते, ते दीड वर्षात २७.२ टक्के झाले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरची गावे घेतलेली नव्हती, त्यामुळे सगळे श्रेय प्रकल्पालाच द्यावे असे मी म्हणणार नाही. पण या गावांत त्या काळात कापसाला सोन्याचा भाव आला नव्हता, तरी माणसे मदतीपर्यंत पोचली, एवढे तर दिसते.

शिवाय आपण ज्याला हिशेब म्हणता, तो हिशेब करणारा माणूस पंधरा दिवस झोपला नसेल, तर त्याला हिशेबातली एकच बाजू दिसते. निवृत्त_महसूल यांनी सांगितलेली ती मुलगी हेच सांगत होती.

पांढरा_कोट_नाही (परिचारिका)

मी सोलापूर शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात अनेक वर्षे काम केले. आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेली माणसे वॉर्डात येतात, तेव्हा दोन-तीन दिवस आमचे सगळे लक्ष त्यांचा जीव वाचवण्यात असते आणि ते योग्यच आहे. धोका टळला की खाट रिकामी करायची घाई होते. सुट्टीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ‘मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात दाखवावे’ असे लिहिलेले असते. एका तरुण सुनेचा तो कागद तिच्या सासूने माझ्यासमोर चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि मला म्हणाली, “सिस्टर, हे कुणाला दाखवू नका, गावात नाव जातंय.” ती सून पुन्हा त्या विभागात आली नाही. तिचा फोन नंबर आमच्या रजिस्टरमध्ये होता आणि तिला फोन करण्याचे काम कोणाचेही नव्हते.

प्रत्येक प्रकरण वैद्यकीय-न्यायिक म्हणून नोंदले जाते, त्यामुळे घरच्यांना पोलिसांची धास्ती असते. पुष्कळ जण ‘चुकून झाले’ असे सांगतात आणि मग समुपदेशनाची वाटच बंद होते. आत्महत्येचा प्रयत्न हा आता गुन्हा राहिलेला नाही, असे मी नातेवाइकांना सांगत असे, पण मला नेमके कलम माहीत नव्हते. कोणाला माहीत असल्यास सोप्या शब्दांत लिहावे.

मनोविकार_निवासी

ताई, आपण विचारलेले कलम असे आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मधील कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असेच गृहीत धरायचे असते आणि तिच्यावर खटला भरता येत नाही. हा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. पुढे १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारे जुने ३०९ कलम राहिलेच नाही; फक्त लोकसेवकावर दबाव आणण्याच्या हेतूने केलेला प्रयत्न कलम २२६ मध्ये येतो. तेव्हा सुनेला किंवा सासूला घाबरण्याचे कारण नाही, हे आपण निःशंकपणे सांगू शकता.

त्याच ११५ व्या कलमाचा दुसरा भाग मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. अशा व्यक्तीला पुन्हा तो प्रयत्न करावा लागू नये म्हणून तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन करणे हे सरकारचे कर्तव्य आहे, असे तो भाग सांगतो. आत्महत्या आणि आत्महत्येचे प्रयत्न कमी करण्यासाठी कार्यक्रम आखणे हेही कलम २९ ने सरकारवर बंधनकारक केले आहे. म्हणजे आपण ज्या फोनबद्दल लिहिले, तो फोन करणे ही कोणाची भलाई नसून कायद्याने आलेले काम आहे.

आणि त्या फोनचा उपयोग होतो. जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, भारत, श्रीलंका, इराण आणि चीन या पाच देशांत प्रयत्नानंतर वाचलेल्या १,८६७ व्यक्तींचा अभ्यास केला होता. भारतातले केंद्र चेन्नई होते. निम्म्यांना नेहमीची सेवा मिळाली. इतरांना सुट्टीपूर्वी सुमारे तासभर समजावून सांगितले गेले आणि पुढच्या दीड वर्षात फोनवर किंवा घरी जाऊन नऊ वेळा विचारपूस झाली. दीड वर्षानंतर नेहमीच्या सेवेतल्या गटात आत्महत्येने मृत्यू पावलेल्यांचे प्रमाण २.२ टक्के होते, विचारपूस झालेल्या गटात ०.२ टक्के. नवे औषध नाही, यंत्र नाही, मोठा खर्च नाही. एक तास आणि नऊ वेळा चौकशी. मी हा निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा माझ्या वॉर्डातले रजिस्टर उघडून कितीतरी वेळ बसून राहिलो होतो.

कृषी_सेवा

माझे फवारणीच्या औषधांचे दुकान आहे, त्यामुळे या विषयावर बोलणे मला अवघड जाते, पण गप्प राहणे बरोबर वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरात उरलेले औषध धान्याच्या शेजारीच ठेवलेले असते. सरकारने प्रत्येक घराला कुलूपबंद पेटी द्यावी, असे मला वाटते. आम्ही दुकानदारही त्यात वाटा उचलू.

मनोविकार_निवासी

कृषी_सेवा, आपण हे लिहिले याबद्दल आभार. पेटीचा विचार सर्वांनाच सुचतो, पण श्रीलंकेत १८० गावांत त्याची रीतसर चाचणी झाली आणि २०१७ मध्ये आलेल्या निष्कर्षांत कुलूपबंद पेट्यांनी फरक पडल्याचे दिसले नाही. त्याच देशात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणल्यावर मात्र दोन दशकांत आत्महत्यांचे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या आसपास खाली आले. आपल्याकडे कायमची बंदी केंद्र सरकारच्या हातात आहे; राज्याला कीटकनाशके अधिनियम १९६८ च्या कलम २७ खाली मर्यादित दिवसांसाठीच विक्री थांबवता येते. राज्याने केंद्राकडे आग्रह धरणे आणि दुकानदारांनी कमी विषारी पर्याय पुढे करणे, हे पेट्यांपेक्षा जास्त उपयोगी ठरेल. घाईघाईने औषध मागणाऱ्या, नेहमीपेक्षा वेगळ्या वाटणाऱ्या गिऱ्हाइकाला दोन मिनिटे बसवून चहा पाजणे हेही आपल्या हातात आहे.

कृषी_सेवा

चहा पाजतो. यापुढे लक्ष ठेवून पाजेन.

पूर्वभाग

धागा पहिल्यापासून शेतीभोवती फिरतो आहे, म्हणून शहराच्या पूर्व भागातले लिहितो. माझी आई विड्या वळते, वडील यंत्रमागावर होते. सीनाकाठ यांनी जे एक्याऐंशी जण सांगितले, ते आमच्या गल्लीत राहतात. २०२२ मध्ये देशात आत्महत्या केलेल्यांत चौथ्या हिश्शाहून जास्त रोजंदारीवर काम करणारे होते. त्यांच्यासाठी ना समिती, ना मदत, ना चौकशीचा नमुना. पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, कारणाच्या रकान्यात ‘कौटुंबिक कारण’ लिहितात आणि फाइल बंद होते.

‘कौटुंबिक कारण’ या दोन शब्दांच्या आत काय असते ते सांगतो. बाई दिवसभर सुपात मान घालून विड्या वळते, संध्याकाळी कारखान्यात त्यातल्या काही विड्या छाट म्हणून बाजूला काढल्या जातात आणि मजुरी तेवढी कमी होते. घरात तीन-तीन फायनान्सच्या गटांचे हप्ते चालू असतात. एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायकांना तिच्या दारात बसवून ठेवतात, आणि त्या बायका परक्या नसतात, तिच्याच नात्यातल्या असतात. नवरा पितो. रात्री भांडण होते. यातले कर्ज कोणते आणि कुटुंब कोणते, हे वेगळे काढून दाखवावे.

रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२२ पासून नियम केले आहेत की, कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम कर्जफेडीत जाईल असे कर्ज द्यायचे नाही आणि वसुलीसाठी सकाळी नऊच्या आधी किंवा संध्याकाळी सहाच्या नंतर तगादा लावायचा नाही. आमच्या गल्लीत हे कोणालाही ठाऊक नव्हते. खासगी सावकाराच्या बाबतीत २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे करता येते. माझ्या मते आत्महत्या रोखण्याच्या कामात हा नियमांचा कागद समुपदेशनाइतकाच औषधी आहे.

आणि भाषा. आमच्याकडे आई-मावश्या तेलुगूत रडतात. अक्कलकोटच्या बाजूला कानडी, शास्त्रीनगरकडे उर्दू. सरकारी भित्तिपत्रक मराठीत लागते आणि भिंतीवरच राहते.

दहावीचा_वर्ग

शाळांपुरते थोडक्यात लिहितो. जुलैमध्ये फेरपरीक्षा घेण्याची पद्धत राज्याने २०१५ पासून सुरू केली, त्यामुळे नापास झालेल्या मुलाचे वर्ष वाया जात नाही. आत्महत्या रोखण्याचा उपाय म्हणून तिची मोजदाद फारशी होत नाही, पण निकालाच्या दिवशी पालकांना ‘अजून दीड महिन्याने परीक्षा आहे’ एवढे सांगता येते, याचे वजन मला माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या निर्देशांत शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, असे सांगितले आहे. खासगी शिकवणी वर्गांनाही ते लागू आहे. जिल्ह्यातल्या वर्गांनी ते किती पाळले, याची तपासणी शिक्षणाधिकाऱ्यांनी जाहीर करावी.

जिल्हा_पान (वार्ताहर)

आमच्या क्षेत्राची चूक मी मान्य करतो. पद्धत, जागा, चिठ्ठीतला मजकूर आणि मथळ्यात ‘कर्जाला कंटाळून’ असे एकच कारण, हे सारे आम्ही वर्षानुवर्षे छापत आलो. भारतीय वृत्तपत्र परिषदेने सप्टेंबर २०१९ मध्ये याबाबत स्पष्ट मार्गदर्शक सूचना दिल्या. गेल्या काही महिन्यांपासून मी अशा बातमीखाली १४४१६ हा क्रमांक टाकतो आणि कारण लिहीत नाही. प्रा. मिश्रांच्या अहवालातली घरे वाचल्यावर एका ओळीत कारण लिहिण्याचे धाडस उरले नाही.

सीनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनाचा मसुदा मी या प्रतिसादांवरून तयार करत आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने राष्ट्रीय आत्महत्या प्रतिबंध धोरण जाहीर केले; २०३० पर्यंत मृत्यू दहा टक्क्यांनी कमी करणे हे त्याचे उद्दिष्ट असून तीन वर्षांत नोंदींची भक्कम व्यवस्था उभी करण्याचे त्यात ठरले होते. ती तीन वर्षे संपली आहेत, तेव्हा आपल्या जिल्ह्यापुरती विचारणा करण्याचा आपल्याला हक्क आहे.

मसुद्यात मी पहिली मागणी निवृत्त_महसूल यांच्यामुळे लिहिली आहे : शेतकरी असो वा विडी कामगार, प्रत्येक आत्महत्येनंतर महसूल, पोलीस आणि आरोग्य या तिन्ही खात्यांनी नावे गुप्त ठेवून एकत्र बसावे आणि झोप, आजार, आधीचा प्रयत्न, शेवटच्या महिन्यात भेटलेले डॉक्टर किंवा अधिकारी यांची नोंद करावी, ही नोंद मदतीच्या पात्रतेशी जोडू नये, नाहीतर घरचे पुन्हा कर्जाचाच आकडा सांगतील. दुसरी परिचारिका ताईंची : वाचलेल्या प्रत्येक व्यक्तीला दीड वर्षात नऊ वेळा विचारपूस आणि ते काम एका ठरलेल्या माणसाकडे. तिसरी, प्रेरणा प्रकल्पातली आशाताईंची घरभेट सोलापूरच्या अकराही तालुक्यांत. बार्शीचा_शेतकरी यांनी बाजाराविषयी स्वतंत्र परिच्छेद लिहून द्यावा, तो मी एक शब्दही न बदलता घालेन.

बार्शीचा_शेतकरी

लिहून देतो. आणि घरभेटीच्या मागणीवर माझीही सही घ्या. माझ्या चुलत भावाकडे कोणी आले असते, तर मी वरचा प्रतिसाद वेगळ्या भाषेत लिहिला असता.

निवृत्त_महसूल

नमुन्याचा कच्चा कागद मी करून देतो. त्यात मागच्या बाजूला ‘घरातील मुलांनी सांगितलेली माहिती’ अशी रिकामी जागा ठेवतो.

पूर्वभाग

मी १४४१६ चा मजकूर तेलुगूत लिहून काल आईला आणि तिच्यासोबत विड्या वळणाऱ्या चौघींना वाचून दाखवला. सुरुवात ‘मानसिक आरोग्यासाठी’ अशी होती. मावशीने पहिल्या शब्दालाच थांबवले आणि म्हणाली की, हा शब्द दिसला तर बायका तो कागद दुसरीसाठी आहे असे समजतील. मग त्यांनीच आपापसात बोलून ठरवले की, वर मोठ्या अक्षरात फक्त ‘निद्र पट्टडं लेदा?’, म्हणजे ‘झोप लागत नाही का?’ एवढेच लिहायचे, खाली नंबर, आणि त्याच्याखाली ‘तेलुगूत बोलता येईल, पोलीस येणार नाहीत’. कारखान्यात पाने-तंबाखू देण्याच्या खिडकीशेजारी लावायला कारकुनाने होकार दिला आहे, कारण तिथे प्रत्येकीला रोज थोडा वेळ उभे राहावेच लागते. कानडी मजकुरासाठी अक्कलकोटकडचे कोणी मदत करील काय?